मी ८४ किलो, भाऊ ६१ किलो, बीपी दोघांनाही. वजनाचा संबंध नेमका किती?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

गेल्या महिन्यात यात्रेला साताऱ्याकडे गावी सगळे जमलो होतो. समाजमंदिरात आरोग्य तपासणीचं शिबिर होतं, म्हणून मी आणि धाकटा भाऊ एकापाठोपाठ एक जाऊन बसलो. मी ४६ वर्षांची, उंची १५८ सेंमी, वजन ८४. तो ४१ चा, उंची १६६, वजन ६१. माझं बीपी निघालं १४८/९२. त्याचं १६२/१०२.

मला सांगितलं, "वजन बघा किती आहे. आधी वीस किलो उतरवा, बीपी आपोआप खाली येईल." हे चारचौघांत, मागे रांग उभी असताना. भावाला म्हणाले, "तुम्ही तर बारीक आहात, काही टेन्शन असेल. झोप घ्या नीट." बस, एवढंच. त्याचा आकडा माझ्यापेक्षा मोठा, तरी त्याला कुणी पुढे कुठे जा असंही सांगितलं नाही. घरी आल्यावर तो आईला म्हणाला, मला काही नाही, ताईलाच वजन कमी करायला सांगितलंय.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. वजनाने बीपी वाढतं म्हणतात, मग बारीक माणसाचं का वाढतं? आणि वजन उतरवलं की खरंच किती उतरतं? आमच्या आईला बीपी आहे, वडील पक्षाघाताने गेले. त्यामुळे मला हे नीट समजून घ्यायचंय.

रानजाई
ताई, अगदी माझीच गोष्ट. कान दुखतोय म्हणून गेले तरी पहिलं वाक्य वजनावर. त्या नादात वर्षभर डॉक्टरकडे जायचंच टाळलं आणि त्या वर्षात बीपी वाढत गेलं. वजनाबद्दल सांगावं, पण माणूस पुन्हा पायरी चढेल असं सांगावं.

पर्वतीचा_पांथस्थ
तुम्हाला ज्या पद्धतीने बोलले ते चूकच. पण मुद्दा खोटा नाही, हेही सांगायला हवं.

माझं वजन ९६ होतं. बीपी १५० च्या आसपास, खालचं ९५. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि सोबत वजनाचं सांगितलं. रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, कचेरीतून येताना खारी-क्रीमरोलचा पुडा आणणं बंद केलं, रोज सकाळी पर्वती चढायला लागलो. पहिल्या आठवड्यात चार वेळा थांबत होतो. चौदा महिन्यांत ८३ वर आलो. आता १३०-१३२/८४ असतं आणि डॉक्टरांनी गोळी निम्मी केली आहे. मनाने नाही केली, त्यांनी केली. तेव्हा वजनाचा संबंध आहे आणि भरपूर आहे.

नाडी
मी पुण्यात फिजिशियन आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली आणि तातडीची: तुमच्या भावाला या आठवड्यात दवाखान्यात पाठवा. १६२/१०२ हा आकडा एकदा आला म्हणून शिक्का बसत नाही, पण तो सोडून देण्यासारखाही नाही. चाळिशीच्या आसपासचा, बारीक माणूस आणि एवढं बीपी म्हटलं की आम्हाला उलट जास्त शोधावं लागतं. लघवीत प्रथिनं जातात का, रक्तात क्रिएटिनिन (किडनी नीट गाळते का ते यावरून कळतं) किती, पोटॅशियम किती, किडनी सोनोग्राफीत कशी दिसते, हे बघायचं असतं. किडनीचा आजार, किडनीला जाणारी रोहिणी अरुंद असणं, अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून (ती किडनीच्या वर असते) अल्डोस्टेरॉन हे मीठ धरून ठेवणारं संप्रेरक जास्त सुटणं, ही कारणं बारीक माणसात झाकून राहतात, कारण 'हा तर सडपातळ' म्हणून कुणी बघतच नाही. बहुतेकांत यातलं काही सापडत नाही, पण बघावं लागतं.

दुसरी गोष्ट तुमच्या प्रश्नाची. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून पाच हजारांवर लोकांच्या हृदयाचा अभ्यास सुरू झाला. त्यातून असा अंदाज निघाला की पुरुषांमधल्या उच्च रक्तदाबाचा साधारण ७८ टक्के आणि स्त्रियांमधला ६५ टक्के भाग जादा वजनाकडे बोट दाखवतो. म्हणजे संबंध फार मोठा आहे. पण हा हिशेब सगळ्या समाजाचा आहे. समोर बसलेल्या एका माणसाच्या वजनावरून त्याचं बीपी ओळखता येत नाही. ते मोजावंच लागतं.

आणि उतरतं किती? वजन कमी करण्याच्या २५ चाचण्या एकत्र करून २००३ साली केलेला एक हिशेब आहे. किलोमागे साधारण १ मिमी (बीपीचा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतो), वरचंही आणि खालचंही. पाच किलो उतरले तर पाचेक मिमी. पांथस्थांचं १३ किलोंत १८-२० उतरलं. त्यात गोळीचा, चालण्याचा आणि खारी बंद झाल्याचाही वाटा आहे. त्यांची मेहनत कमी लेखत नाही, उलट त्यांनी सगळ्या बाजूंनी केलं म्हणून एवढं उतरलं.

पर्वतीचा_पांथस्थ
हे पटलं डॉक्टर. खारीत मीठ असतं हे तेव्हा डोक्यातच नव्हतं, मी मैदा आणि डालडा म्हणून सोडली होती.

मिठागर
मी मालवणचा. वजनावर एवढा भर दिला जातो याला माझा विरोध आहे.

आमच्या वाडीत मासेमारी करणारे, होडी ओढणारे, अंगावर चरबीचा थेंब नसलेले म्हातारे आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जणांना बीपी आहे. पावसाळ्यात चार महिने सुकट, सुके बांगडे, खारा बोंबील, जोडीला तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं. पेजेबरोबर खारं हवंच. माझे वडील ५४ किलोंचे होते, बीपी १८० पर्यंत जायचं. त्यांना काय वजन कमी करा सांगणार?

वजन जागचं हललं नाही तरी बीपी उतरतं, याचाही पुरावा आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत 'डॅश' नावाच्या आहाराची चाचणी झाली, ४५९ लोकांवर. भाज्या, फळं, कमी चरबीचं दूधदुभतं भरपूर. सगळ्यांचं वजन मुद्दाम होतं तेवढंच ठेवलं होतं. तरी ज्यांना आधीपासून बीपी होतं त्यांचं वरचं सरासरी ११ मिमीने उतरलं, आठ आठवड्यांत. म्हणून म्हणतो, आधी ताट बघा, काटा नंतर.

पेशीजाल
मिठागर, तुमची माहिती बरोबर आहे, पण 'किंवा' कशाला? दोन्ही वाटा शेवटी किडनीपाशीच येतात.

मी महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. मुलांना मी शेताचं उदाहरण देते. विहीर तीच, मोटर तीच, पण शेत दोन एकरांनी वाढलं. शरीर वाढलं की त्याला पुरवायचं रक्तही वाढतं आणि हृदयाला दर मिनिटाला जास्त रक्त ढकलावं लागतं. पण एवढ्याने भागलं असतं तर बीपी फार वाढलं नसतं. खरी गडबड पुढे आहे.

पोटातली चरबी किडनीच्या भोवती आणि खोबणीत साचते आणि तिला दाबते. दाबलेली किडनी मीठ बाहेर टाकायला कुचराई करते. रोजचं मीठ बाहेर जायला तिला आधीपेक्षा जास्त दाब लागतो, आणि शरीर तो दाब पुरवतं. तोच आपल्याला यंत्रावर दिसतो. शिवाय चरबी म्हणजे नुसतं कोठार नाही, ती स्वतः कामाला लागलेली ग्रंथी आहे. ती अँजिओटेन्सिनोजेन बनवते, त्यातून रक्तवाहिन्या आवळणारं आणि मीठ धरून ठेवणारं रसायन तयार होतं. ती लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडते, ते मेंदूला जाऊन सिम्पथेटिक (शरीराला सावध करणाऱ्या) चेतासंस्थेला चेतवतं आणि ती संस्था पुन्हा किडनीलाच मीठ राखायला सांगते. इन्सुलिन जास्त असेल तर तेही मीठ धरून ठेवतं.

म्हणून जाड माणसाचं बीपी मिठाला जास्त दाद देतं. मालवणच्या म्हाताऱ्यांना चरबी नाही पण मीठ आहे, पुण्याच्या बैठ्या माणसाकडे दोन्ही आहे.

मिठागर
मोटर आणि शेताचं आवडलं. आता घरी असंच सांगेन. विरोध अर्धा मागे घेतो, सुकट पूर्ण मागे घेतोय असं मात्र समजू नका :)

वर्धेचा_वाटसरू
आमच्या घरचं सांगतो. आई म्हणते मी भाजीत चिमूटभरच मीठ टाकते. एक दिवस मोहरी-जिरं मोजायच्या काट्यावर ती चिमूट ठेवायला लावली. तीन बोटांची चिमूट निघाली. आईच हसायला लागली अन् म्हणाली, "बाप्पा, एवढं होतं काय!" तेव्हापासून चमचा ठरवलाय. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. आम्ही सहा माणसं, सकाळी सहा सपाट चमचे वाटीत काढतो. पापड, लोणचं, फरसाणाचं धरून बसवायचं असतं, म्हणून वाटीत उरलं पाहिजे असा नियम.

सिस्टर_आक्का
सगळं वाचलं. पण मूळ धाग्यात एक गोष्ट कुणीच विचारली नाही. कृष्णाकाठ, शिबिरात तुझ्या दंडाला पट्टा कोणता बांधला होता गं?

मी सिंधुदुर्गात तेहेतीस वर्षं नर्स होते. जाड दंडाला साधा पट्टा बांधला की बीपी खोटं वाढीव येतं. पट्ट्याच्या आत जी हवेची पिशवी असते, तिची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी हवी. आखूड असली तर रोहिणी बंद करायला जास्त हवा भरावी लागते आणि काटा वर चढतो. २०२३ मध्ये अमेरिकेत याची नीट चाचणी झाली. ज्यांना मोठा पट्टा हवा होता त्यांना साधा लावल्यावर वरचं बीपी सरासरी ५ मिमीने जास्त आलं, आणि ज्यांना सगळ्यात मोठा हवा होता त्यांचं जवळजवळ २० ने. वीस म्हणजे नसलेल्या रोगाची गोळी सुरू होईल.

शिंप्याची टेप घे. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोज. साधा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमीला चालतो. त्याच्यावर असेल तर मोठा.

आणि मोजायची रीत. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा. शिबिरातल्या रांगेत, मागे लोक ऐकत असताना, वजनावरून बोलणी खाऊन झाल्यावर मोजलेलं बीपी मी तरी वहीत पक्कं म्हणून लिहिलं नसतं.

नाडी
आक्का, नमस्कार. हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. घरी मोजताना सरासरी १३५/८५ च्या खाली असावी, दवाखान्यात १४०/९० च्या खाली. अमेरिकेतल्या काही संस्थांनी २०१७ पासून १३०/८० ची रेषा धरली आहे, म्हणून परदेशातल्या सभासदांना वेगळे आकडे सांगितले जातात. गोंधळून जाऊ नका.

कृष्णाकाठ
आक्का, तुमच्या 'गं'ने बरं वाटलं. दंड मोजला, ३६ सेंमी. शिबिरात सगळ्यांना एकच निळा पट्टा होता, माझ्या दंडावर तो दोनदा सुटला आणि तिसऱ्यांदा ताईंनी हाताने दाबून धरला होता!

भावाला फोन केला. डॉक्टरकडे जायला तयार नाही, पण दंड आणि कंबर मोजायला तयार झाला. दंड २६. कंबर ९३. हे ऐकून मीच चकित झाले, कारण शर्टात तो काटकुळाच दिसतो. पोट तेवढं पुढे आलंय. तो शिफ्टमध्ये काम करतो, तंबाखू खातो, कँटीनला वडापाव.

पेशीजाल
कंबर ९३ म्हणजे तो बारीक नाही. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंमीच्या आत हवी.

हे भारतीयांचं जुनं दुखणं आहे आणि त्यावरचं मोठं काम आपल्या पुण्यातच झालंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास १९९३ पासून सुरू केला. जन्मतः वजनाला कमी असलेल्या आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र राखलेली, असं त्यांना दिसलं. त्यांचा आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. मी दरवर्षी वर्गात तो दाखवते आणि मुलं लगेच आपापली पोटं बघतात.

म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, २५ आणि ३० नाही. तुमच्या भावाचा बीएमआय २२ च्या आसपास येतो, काट्यावर तो पास. टेपवर नापास.

रानजाई
शिबिरात वजनकाट्याशेजारी वीस रुपयांची टेप ठेवली असती तर त्याला नुसतं झोप घ्या सांगून घरी पाठवलं नसतं.

सडेतोड
एवढी चर्चा कशाला? कमी खा, जास्त हला. बाकी सगळे बहाणे आहेत. ८४ किलोच्या बाईला पट्टा चुकला म्हणून दिलासा देणं म्हणजे तिचं नुकसान करणं.

सिस्टर_आक्का
मोजमाप बरोबर करणं हा दिलासा नव्हे बाबा, ते काम आहे. बरोबर मोजून जास्त आलं तर मीच तिच्या मागे लागेन.

पुन्हा_एकदा
सडेतोड यांना मी उत्तर देतो, कारण मी कमी खाल्लंय आणि जास्त हललोय.

चार वर्षांपूर्वी १०८ चा ८६ झालो. बीपी १५२ वरून १२६. गोळी बंद. मित्रमंडळींत कौतुक, सगळं. मग मुलीचं आजारपण, दवाखान्यातल्या बाकड्यांवरच्या रात्री, मिळेल ते खाणं. दोन वर्षांत ९९. बीपीही आलं परत, १४६. मला वाटलं मी हरलो. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तेव्हा ती चिठ्ठी आठ दिवस खिशात घेऊन फिरलो, दुकानात गेलो नाही. कारण माझ्या डोक्यात बसलं होतं की गोळी म्हणजे शिक्षा, वजन राखता न आल्याची.

नवव्या दिवशी बायकोने चिठ्ठी खिशातून काढली, स्वतः जाऊन गोळ्या आणल्या आणि म्हणाली, "वजन सावकाश उतरेल, रक्तवाहिन्या तोवर थांबणार नाहीत." आता रोज घेतो. १२८-१३० असतं. वजन ९५. उतरवतोय. पण ते उतरेपर्यंत बीपी मोकाट सोडायचं नाही, हे मला उशिरा कळलं. कृष्णाकाठ, तुम्हाला 'आधी वीस किलो उतरवा' सांगितलं ना, त्यातलं 'आधी' मला पटत नाही. वीस किलोंना वर्ष लागतं, कधी दोन.

नाडी
पुन्हा_एकदा, फार महत्त्वाचं लिहिलंत. याला एक पुरवणी जोडतो. स्वीडनमध्ये लठ्ठपणावर शस्त्रक्रिया केलेल्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. दहा वर्षांनीही त्यांचं वजन बरंच खाली होतं. ज्यांना आधी बीपी होतं त्यांतले अधिक जण त्यातून सुटले. पण नव्याने बीपी होणाऱ्यांचं प्रमाण शस्त्रक्रिया न केलेल्यांइतकंच निघालं. मधुमेहात मात्र मोठा फरक टिकला. वय वाढतं, रक्तवाहिन्या ताठर होतात, अनेक वर्षं जास्त दाबाखाली राहिलेली किडनी पूर्ववत होतेच असं नाही. वजन उतरवूनही गोळी लागली तर ते तुमचं अपयश नाही, आणि गोळी लागली म्हणून उतरवलेलं वजन वायाही जात नाही. गोळ्या कमी लागतात, डोस कमी लागतो, साखर आटोक्यात राहते, गुडघे राहतात.

सडेतोड
पुन्हा_एकदा, वाचून थांबलो. शब्द मागे घेतो. माझ्या वडिलांनी बीपीची गोळी कधीच घेतली नाही, "व्यायामाने घालवीन" म्हणत राहिले आणि ६१ व्या वर्षी गेले. तो राग मी इथे काढला.

वर्धेचा_वाटसरू
दादा, मोठ्या मनाचं काम केलंत.

गोदाकाठची_माई
थोडं अवांतर, पण वजन-बीपीशीच जोडलेलं आहे. घोरणं.

आमचे हे तीन गोळ्या घेऊनही १५८-१६० वर अडकलेले. वजन ९८, मान आखूड आणि जाड. घोरण्याचा आवाज खालच्या मजल्यावर जायचा. पण मला भीती आवाजाची नव्हती, शांततेची होती. मधेच सगळं थांबायचं. मी अंधारात मोजत बसायचे, दहा, पंधरा, वीस. मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास. कितीतरी रात्री मी हलवून जागं केलंय. दिवसा हे जेवताना पेंगायचे, एकदा द्वारका चौकात सिग्नलला डुलकी लागली.

नाशिकलाच झोपेची तपासणी केली. स्लीप अ‍ॅप्निया निघाला, तीव्र. रात्रभर श्वास अडकतो, प्राणवायू उतरतो, शरीर प्रत्येक वेळी घाबरून रक्तवाहिन्या आवळतं. मास्कचं यंत्र लावायला लागले. पहिले पंधरा दिवस भांडणं, आता त्याशिवाय झोपत नाहीत. बीपी १४० च्या खाली आलं. मास्कने सरासरी दोन-तीन मिमीच उतरतं असं आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे सोबत वजनही उतरवतोय, अकरा किलो झाले. ज्यांचं बीपी तीन गोळ्यांनाही ऐकत नाही, त्यांनी घरच्यांना विचारा, मी घोरतो का आणि मधे थांबतो का. ज्याचं त्याला कळत नाही.

पर्वतीचा_पांथस्थ
माई, वाचूनच बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आधी थांबायचास, आता नुसता घोरतोस." मला हे कधी सांगितलंच नव्हतं!

एडिसनचा_अण्णा
न्यू जर्सीतून. आमच्या इथे ओळखीतले निम्मे लोक वजनाच्या इंजेक्शनवर आहेत. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड. वजनाबरोबर बीपीही उतरतं म्हणतात. भारतात मिळतात का, आणि बीपीसाठी घ्यावीत का?

नाडी
टिर्झेपाटाइड मार्च २०२५ पासून भारतात आहे, सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शनही त्यानंतर आलं. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत वरचं बीपी सहाएक मिमीने उतरलं, नुसत्या सल्ल्याच्या गटात एकाने. नुसत्या बीपीसाठी ही औषधं नाहीत, बीपीच्या जुन्या गोळ्या स्वस्त आहेत आणि जास्त उतरवतात. बंद केल्यावर वजन बहुतेकांचं परत चढतं. आणि आधीच बीपीच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरताना चक्कर येऊ शकते, डोस तपासावे लागतात. मनाने, कुणाच्या सांगण्यावरून, मुळीच नाही.

मिठागर
आक्का, तुम्ही सिंधुदुर्गातल्या ना, मग आमच्याकडच्या उपकेंद्रांत बीपीचं काम सुरू झालं ते तुमच्याच वेळचं असेल. माझ्या चुलतीला गोळ्या तिथूनच मिळतात.

सिस्टर_आक्का
होय रे. भारत सरकारचा हायपरटेन्शनचा, म्हणजे उच्च रक्तदाबाचा, उपक्रम २०१७ च्या अखेरीला सुरू झाला, महाराष्ट्रात सुरुवातीला सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा. कृष्णाकाठ, तुझा सातारा त्यात होता बघ. प्रत्येक रुग्णाचं कार्ड, तारखेला आला नाही तर फोन, नाहीतर आशाताई घरी. आमच्या एका आजीचं सात महिने येणं बंद झालं. घरी गेले तर म्हणाली, "आता बरं वाटतंय, गोळ्या शेजारणीला दिल्या." बीपी १९०. बरं वाटणं हाच या रोगाचा कावा. भावाला सांग, गावाजवळच्या आरोग्य केंद्रात गेला तरी चालेल, पैसे लागत नाहीत.

कृष्णाकाठ
(पाच आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, पण सांगायलाच हवं होतं.

आधी माझं. मोठ्या पट्ट्याचं यंत्र मागवलं. आक्कांनी सांगितलं तसं सात दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजलं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीची सरासरी १३३/८३. डॉक्टरीणबाईंनी वही बघितली, स्वतःही मोठ्या पट्ट्याने मोजलं. म्हणाल्या, आज गोळी नको, पण काठावर आहात आणि घराण्यात आहे, वजन असंच राहिलं तर दोन-चार वर्षांत लागेल. मग विचारलं, "वीस नको, सहा महिन्यांत पाच किलो जमतील का?" मी हो म्हणाले. पहिल्यांदाच कुणी जमेल का असं विचारलं. आत्ता ८१.६ आहे. शाळेतून घरी येताना दोन स्टॉप आधी उतरते, आणि वर्धेकरांसारखी वाटी काढलीय, चार माणसांची चार चमचे.

आता भाऊ. त्याला याज्ञिक सरांच्या फोटोची गोष्ट सांगितली, तरी हलला नाही. मग माईंचं लिहिलेलं वहिनीला वाचून दाखवलं, कारण वडीलही तसेच श्वास थांबून झोपायचे. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याची रजा टाकून त्याला घेऊन गेली. तिथे तिन्ही वेळा १६० च्या वर. किडनीची सोनोग्राफी ठीक, पोटॅशियम ठीक, लघवीत मात्र थोडी प्रथिनं जातायत. डोळ्यांच्या पडद्यावरही बीपीच्या खुणा आहेत म्हणे. म्हणजे हे आजकालचं नाही, कित्येक वर्षं चालू असणार. दोन गोळ्या सुरू झाल्यात. परवा १३८/८८ होतं.

तंबाखू सुटलेली नाही. कमी झालीय म्हणतो, वहिनी नाही म्हणते.

सिस्टर_आक्का
बाय माझी. वहिनीला माझा नमस्कार सांग. प्रथिनं तीन महिन्यांनी परत तपासायची, ती तारीख तूही तुझ्या वहीत लिहून ठेव.

नाडी
आणि अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून खात असेल तर बंद करायला सांगा. शिफ्टवाले बरेच खातात. त्यांनी बीपीही वाढतं आणि किडनीलाही त्रास. कमी सोडियमचं, पोटॅशियम घातलेलं मीठ मिळतं, ते अनेकांना चांगलं असतं, पण त्याच्या किडनीचं नीट कळेपर्यंत आणि त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला देऊ नका.

कृष्णाकाठ
बरं झालं सांगितलंत. तेच मीठ काल आणलंय. त्याच्याकडे अर्धा किलो पाठवलं होतं, आत्ता फोन करून परत मागवते.